काळी यादी मिटवताना

मंगळवारी सकाळी साडेनऊला झोन फाइलमधली, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या इंटरनेट पत्त्यांची आमची काळी यादी जिच्यात होती त्या फाइलमधली, शेवटची नोंद काढून आम्ही फाइल सेव्ह केली. यादी आरबीएलडीएनएसडी या छोट्या नेमसर्व्हरवर, म्हणजे नावांबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालायची. तो दर ६० सेकंदांनी फाइल बदलली आहे का ते तपासतो, म्हणून मिनिटभर थांबलो. लॉगमध्ये फाइल पुन्हा वाचल्याची ओळ आली. नोंदी शून्य. दुसऱ्या खिडकीत विचारणा मात्र पूर्वीइतक्याच वेगाने पडत होत्या. हा पत्ता स्पॅम पाठवतो का? तो पाठवतो का? त्या मिनिटापासून आमचं उत्तर प्रत्येकाला एकच होतं: असं नाव इथे नाही.

ही यंत्रणा चालते कशी ते आधी सांगतो, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. मेल सर्व्हरकडे कुठूनतरी जोडणी येते, समजा २०३.०.११३.४५ या पत्त्यावरून. हा पत्ता कागदपत्रांत उदाहरणासाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे, कुणाचाही नाही. सर्व्हर त्याचे चार आकडे उलटे करतो, ४५.११३.०.२०३, आणि त्यापुढे यादीचं डोमेन जोडून डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, साधी विचारणा करतो. पत्ता यादीत असेल तर उत्तर येतं १२७.०.०.२, नसेल तर ‘असं नाव नाही’. एवढंच. यादी चालवणारा कुणाचीही मेल अडवत नाही, अडवतो तो विचारणारा. पण विचारणाऱ्याने एकदा यादीचं नाव कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलं की तो पुढची दहा वर्षं ती फाइल उघडत नाही. यादी बंद करताना जो त्रास होतो तो सगळा यातूनच येतो.

बंद का केली? १९९७ साली पॉल विक्सी यांच्या मॅप्स या स्पॅमविरोधी संस्थेने अशा याद्यांची पद्धत रुळवली, तेव्हा मुख्य दुखणं होतं ओपन रिले, म्हणजे कुणाचीही मेल कुठेही पोचवणारे उघडे सर्व्हर. ते सर्व्हर महिनोन्‌महिने त्याच पत्त्यावर असायचे. आज भाड्याचा क्लाउड सर्व्हर सकाळी एकाचा असतो आणि संध्याकाळी दुसऱ्याचा. स्पॅम पाठवणारा निघून जातो, पत्ता मागे राहतो आणि यादीतली नोंद नव्या निरपराध माणसाच्या गळ्यात पडते. नोंद चढवण्याचं काम सापळ्याच्या मेलपेट्या आपोआप करतात. उतरवण्याला माणूस लागतो, जो अर्ज वाचेल, लॉग बघेल आणि त्याच दिवशी उत्तर देईल. आम्ही चौघंजण फावल्या वेळात हे करायचो, सर्व्हर लोकांनी फुकट दिलेले. अर्जाला उत्तर द्यायला आठ-आठ दिवस लागू लागले, तेव्हाच ठरलं की यादी थांबवायची. ज्याला नोंद वेळेवर काढता येत नाही त्याला ती चढवण्याचा अधिकार नाही, हे माझं ठाम मत आहे.

यादी बंद करणं म्हणजे सर्व्हरची वायर उपटणं नव्हे. या क्षेत्रात वाईट शेवटांचा इतिहास आहे आणि आम्हाला तो पाठ होता. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्टच्या यादीवर सेवा ठप्प करणारे हल्ले झाले आणि जाता जाता तिने अख्खं जग यादीत टाकलं. डेन्मार्कमधून चालणारी ओआरडीबी ही यादी १८ डिसेंबर २००६ ला रीतसर जाहीर करून बंद झाली. पण तिचं नाव न काढलेले सर्व्हर विचारतच राहिले, आणि २५ मार्च २००८ ला तिचे नेमसर्व्हर प्रत्येक विचारणेला ‘हो’ म्हणू लागले. एएचबीएल या आणखी एका यादीने २०१४ मध्ये सूचना दिली, झोन रिकामे केले आणि १ जानेवारी २०१५ पासून सरसकट ‘हो’ म्हणायला सुरुवात केली. या लोकांचा वैताग मला समजतो. वर्षभर ओरडून सांगितलं तरी लोक हलत नाहीत, आणि फुकटात मिळालेल्या सर्व्हरवर मेलेल्या यादीची रहदारी आदळत राहते.

तरीही ‘सगळ्यांना हो’ हा मार्ग आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. ‘हो’ उत्तर मिळालं की मेल सर्व्हर ५५४ क्रमांकाचा नकार देतो. ५ ने सुरू होणारा नकार कायमचा असतो. पाठवणाऱ्याचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, मेल तिथल्या तिथे बाउन्स होते. पाठवणाऱ्याच्या हाती न समजणारी इंग्रजी ओळ पडते आणि ज्याला मेल हवी होती त्याला ती आलीच नाही हे कळतही नाही. मेलिंग लिस्टचं सॉफ्टवेअर तर चार-सहा बाउन्सनंतर त्या सदस्याचं नावच गोठवतं. म्हणजे आळस अ‍ॅडमिनचा आणि शिक्षा भलत्यालाच: नोकरीचं पत्र, रुग्णालयाचा अहवाल, परीक्षेची तारीख यांची वाट बघणाऱ्याला.

आमचा क्रम असा होता. तीन महिने आधी नव्या नोंदी घेणं थांबवलं. आमच्या नोंदी ३० दिवसांत आपोआप गळायच्या, त्यामुळे यादी हळूहळू वाळत गेली आणि अखेरीस हाताने टाकलेल्या थोड्याच उरल्या. नोंदी उतरवण्याचे अर्ज मात्र अखेरच्या दिवसापर्यंत चालू ठेवले, उलट तेव्हा जास्तच लगेच निकाली काढले. मुख्य पानावर तारीख लिहिली. पूर्ण झोन, म्हणजे सगळी यादी, आरसिंक या फाइल आणण्याच्या साधनाने उतरवून घेणाऱ्यांना वेगवेगळी मेल केली, कारण त्यांच्या विचारणा आमच्या लॉगमध्ये दिसतच नाहीत. ते स्वतःच्या प्रतीला विचारतात. ती प्रत कुणी ताजी केली नाही, तर वर्षभरापूर्वीच्या नोंदी तिथे जिवंत राहतात. त्यासाठी आरसिंकचं दार बंद करण्याआधी रिकामी फाइल आठवडाभर तिथेच ठेवली, म्हणजे ज्यांचं वेळापत्रक चालू आहे त्यांच्याकडे रिकामीच पोचेल. स्पॅम गाळणाऱ्या तयार पेट्या बनवणाऱ्यांना आणि एका फटक्यात शंभर याद्या तपासून देणाऱ्या संकेतस्थळांनाही कळवलं. पेट्यांचं प्रकरण अवघड असतं. त्यांच्या पडद्यावर यादीच्या नावापुढे फक्त टिक करायची चौकट असते. टिक करणाऱ्याला आपण कुणाला विचारतोय हेच ठाऊक नसतं.

एक गोष्ट मुद्दाम केली. इंटरनेटच्या पद्धती नोंदवणाऱ्या आरएफसी मालिकेतल्या ५७८२ क्रमांकाच्या, २०१० च्या दस्तऐवजात नियम आहे की चालू यादीत १२७.०.०.२ ही चाचणीची नोंद असलीच पाहिजे आणि १२७.०.०.१ ही कधीच असता कामा नये. मंगळवारी जी शेवटची नोंद काढली ती हीच, १२७.०.०.२. ती नसेल तर शहाणं सॉफ्टवेअर समजून घेतं की यादी मेली. कुणी मेल सर्व्हर सांभाळत असेल तर आजच करून बघण्यासारखं आहे. आपण ज्या ज्या याद्या वापरतो त्या प्रत्येकीला डिग या डीएनएस तपासणाऱ्या आज्ञेने दोन प्रश्न विचारायचे, २.०.०.१२७ आणि १.०.०.१२७, दोन्हींपुढे यादीचं डोमेन जोडून. पहिल्याला उत्तर यायला हवं, दुसऱ्याला यायला नको. पहिल्याला उत्तर नाही तर यादी रिकामी झालेली. दुसऱ्याला उत्तर आलं तर ती सगळ्यांना ‘हो’ म्हणतेय आणि तुमची मेल त्या क्षणी परत जातेय. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या वेळापत्रकात, रोज एकदा हे चालवलं तर बरेच अपघात टळतात.

दुपारी दोन वाजता दुसरा टप्पा होता: एक तास गप्प बसणं. फायरवॉलवर पोर्ट ५३ चे, म्हणजे डीएनएसच्या दारावर येणारे, पॅकेट टाकून द्यायचे, उत्तर द्यायचं नाही, पण टीसीपीडंप या रहदारी दाखवणाऱ्या साधनाने कोण विचारतंय ते बघत राहायचं. रिकाम्या यादीचं उत्तर विचारणाऱ्याला निरोगी यादीसारखंच दिसतं, त्याचं काहीच बिघडत नाही. गप्प बसलं की त्याच्या लॉगमध्ये इशाऱ्याच्या ओळी येऊ लागतात आणि मेल सावकाश होते. कुणीतरी चिडून कारण शोधेल अशी अपेक्षा. तासानंतर उत्तरं पुन्हा सुरू, म्हणजे कुणाचं कायमचं नुकसान नाही.

दोन वाजून दोन मिनिटांनी आकडा चढायला लागला. गप्प बसल्यावर रहदारी कमी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात ती वाढते. उत्तर न आल्यावर रिझॉल्व्हर, म्हणजे मेल सर्व्हरच्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, मग आमच्या दुसऱ्या नेमसर्व्हरला विचारतो, मग परत पहिल्याला. पडद्यावर एकच ओळ, तोच उलटा पत्ता, काही सेकंदांत पाच-सहा वेळा येताना दिसत होती. सर्व्हर नुसते बंद करून दान करणाऱ्याला परत दिले असते, तर हा मारा त्याच्या जाळ्यावर वर्षानुवर्षं चालू राहिला असता. आणि तो पत्ता पुढे दुसऱ्या कुणाला मिळाला असता तर त्याच्यावर.

विचारणाऱ्यांची ओळख पटवणं कठीण असतं. आमच्याकडे येतो तो रिझॉल्व्हरचा पत्ता, मेल सर्व्हरचा नव्हे. मोठ्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर असला की त्यामागे एक सर्व्हर आहे की हजार, ते कळत नाही. पण ज्यांनी स्वतःचा रिझॉल्व्हर बसवलाय त्यांचा पत्ता उलटा शोधला तर नाव निघतं. त्या तासात निघालेल्या नावांत विदर्भातलं एक महाविद्यालय होतं. पोस्टमास्टरच्या पत्त्यावर आम्ही दोनदा मेल केली होती, उत्तर नव्हतं. आमच्यात मराठी बोलणारा मी, म्हणून फोन मी केला. संगणक विभागातल्या सरांनी उचलला.

“सर, तुमच्या मेल सर्व्हरवर आमच्या यादीचं नाव आहे. ती यादी आजपासून बंद होतेय.”

“सर्व्हर आधीच्या सरांनी बसवला होता. मी फक्त पासवर्ड बदलून देतो. माझ्याकडून काही बिघडलं तर प्राचार्य मलाच विचारतील.”

“नाही बिघडणार. आधी फाइलची प्रत काढून ठेवा, मग एकेक ओळ मला वाचून दाखवा.”

मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर पोस्टफिक्स होतं, तेही बरंच जुनं. पोस्टकॉन्फ या त्याच्या आज्ञेला ‘उणे एन’ दिलं की बदललेल्या तेवढ्याच सेटिंग्ज दिसतात. आमचं नाव सापडलं ते प्राप्तकर्त्यावरच्या निर्बंधांच्या यादीत. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधी ‘परमिट मायनेटवर्क्स’, मग ‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’, मग ‘रिजेक्ट आरबीएल क्लायंट’ आणि आमचं डोमेन, खाली तशीच आणखी एक ओळ, शेवटी ‘परमिट’.

“मग ही रिजेक्टची ओळ काढतो.”

“थांबा सर. कोणती? पूर्ण वाचा.”

त्यांचा कर्सर ‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’वर होता. ही ओळ म्हणते की आपल्या डोमेनसाठी नसलेली परक्याची मेल घेऊ नको. २०१३ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स २.१० पासून रिलेसाठी वेगळे निर्बंध आहेत, त्यामुळे ही ओळ गेली तरी दुसरी कडी राहते. या जुन्या आवृत्तीत तसे वेगळे निर्बंध नव्हते. ती ओळ गेली असती तर परक्याची मेल अडवणारी एकही ओळ उरली नाही हे बघून पोस्टफिक्सने मेल घेणंच नाकारलं असतं. मेल वाचवण्यासाठी केलेल्या आमच्याच फोनने महाविद्यालयाची मेल बंद पडली असती. तेव्हापासून कुणालाही ‘रिजेक्टची ओळ काढा’ असं आम्ही सांगत नाही. ‘ज्या ओळीत आमचं डोमेन आहे तीच ओळ’ असं सांगतो आणि आधी ती वाचून घेतो.

आमची ओळ गेली. पुढची ओळ रिकाम्या जागेने सुरू होते ना, हे बघायला सांगितलं. पोस्टफिक्समध्ये ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा म्हणजे ‘मागची ओळ पुढे चालू’, ती चुकून पुसली तर पुढचे सगळे निर्बंध तुटतात. मग खालच्या ओळीतलं दुसरं नाव वाचायला सांगितलं. तीही यादी केव्हाच बंद पडलेली निघाली, उत्तर न देणाऱ्या पत्त्याकडे बोट दाखवत ठेवलेली.

“सर, तुमच्याकडे बाहेरची मेल उशिरा येते का?”

“येते ना. सकाळी गर्दीच्या वेळी फारच. आम्हाला वाटायचं लाइनच हळू आहे.”

लिनक्समध्ये रिझॉल्व्हरला विचारताना ५ सेकंद वाट बघायची आणि दोनदा प्रयत्न करायचा हे ठरीव मूल्य असतं. फाइलमध्ये दोन रिझॉल्व्हर लिहिलेले असतील तर एका मुक्या यादीसाठी प्रत्येक जोडणी २० सेकंदांपर्यंत अडकून राहते. पोस्टफिक्स एका वेळी १०० जोडण्या घेतो, हेही ठरीव. सकाळी स्पॅमचा लोंढा आला की शंभरही खुर्च्या वाट बघणाऱ्यांनी भरतात आणि खऱ्या मेलला दारातच थांबावं लागतं. सरांनी ती ओळही काढली. पोस्टफिक्स चेक, मग पोस्टफिक्स रीलोड. मेललॉग चालू ठेवून दोघांनीही दोन मिनिटं वाट बघितली, बाहेरून एक मेल मी पाठवली. ती लगेच उतरली. मग स्पॅमअसॅसिन, हा मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा प्रोग्रॅम. तिथे आमचं नाव वेगळ्या नियमात होतं, त्याचे गुण शून्य केले. नियमाला शून्य गुण दिले की स्पॅमअसॅसिन तो नियम चालवतच नाही, त्यामुळे विचारणाही थांबते. बहुतेक लोक पोस्टफिक्समधली ओळ काढतात आणि ही दुसरी जागा विसरतात.

फोन ठेवल्यावर आमच्यात बराच वाद झाला, आणि तो रास्त होता. एक मुकी यादी त्या महाविद्यालयाच्या मेलला वर्षानुवर्षं पाय ओढायला लावत होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा हाच युक्तिवाद असतो: गप्प बसल्याने कुणी जागं होत नाही, दुखलं तरच माणूस फाइल उघडतो. मला तो युक्तिवाद खोडता येत नाही. पण उशिरा आलेली मेल येते. बाउन्स झालेली येत नाही. गप्प यादीची किंमत सगळे थोडी थोडी भरतात, ‘हो’ म्हणणाऱ्या यादीची किंमत एखाद्याच माणसाला एकाच दिवशी पूर्ण भरावी लागते. मी अजूनही गप्प बसण्याच्याच बाजूने आहे, फक्त त्याआधी जितके फोन करता येतील तितके करावेत या अटीवर. त्या तासात ओळख पटलेल्या प्रत्येकाला पुढच्या आठवड्यात आम्ही गाठलं.

शेवटचा टप्पा दोन महिन्यांनी. याद्या चालवण्याच्या चांगल्या पद्धती सांगणारा आरएफसी ६४७१ जानेवारी २०१२ चा आहे, त्यात बंद करण्याचीही रीत दिली आहे. यादीचे नेमसर्व्हर १९२.०.२.० या गटातल्या पत्त्यांकडे वळवायचे. हा गट दस्तऐवजांसाठी राखीव, तिथे कुणी राहत नाही, त्यामुळे मारा कुणाच्याच दारी जात नाही. एनजेएबीएल या यादीने २०१३ मध्ये झोन रिकामे केल्यावर हाच मार्ग जाहीर केला होता. यादी सुरू करणाऱ्याने पहिल्या दिवशीच ती मुख्य डोमेनवर न ठेवता उपडोमेनवर ठेवावी, याचं कारण इथे कळतं. आमची उपडोमेनवर होती, म्हणून वरच्या झोनमध्ये दोन एनएस, म्हणजे नेमसर्व्हरची नावं सांगणाऱ्या नोंदी, आणि दोन पत्ते एवढंच बदलावं लागलं. माहितीचं पान आणि मेलपेटी चालूच राहिली. थेट मुख्य डोमेनवर असती तर नोंदणी करणाऱ्याकडे असले राखीव पत्ते द्यावे लागले असते, आणि ते स्वीकारले जातीलच याची खात्री नसते.

टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ, ६०४८०० सेकंद ठेवला, म्हणजे एक आठवडा. सगळे रिझॉल्व्हर तो पाळत नाहीत. बाइंड हा रिझॉल्व्हर आठवडाभर लक्षात ठेवतो, अनबाउंड हा दुसरा मूळ सेटिंगमध्ये एका दिवसावर कात्री लावतो. जुने नेमसर्व्हर त्याच दिवशी बंद केले नाहीत. ज्यांच्या कॅशमध्ये जुने पत्ते आहेत ते जुन्याच दारी येणार, म्हणून जुना टीटीएल संपून वर दोन दिवस होईपर्यंत ते रिकाम्या यादीसह चालू ठेवले. मग डिस्क पुसल्या. सापळ्यांत आलेल्या मेलमध्ये चुकून आलेली खासगी पत्रंही असतात, आणि सापळ्यांचे पत्ते बाहेर गेले तर दुसऱ्या याद्यांचेही सापळे निकामी होतात. म्हणून त्यातलं काहीही कुणाला दिलं नाही.

डोमेन विकत मागणारे आले. डोमेनची इतकी मागणी होते ती त्यावर येणाऱ्या रहदारीमुळे, आणि ती रहदारी म्हणजे कुणाला कुठून मेल येतेय याची चालती नोंद आहे. शिवाय नवा मालक एका स्टारच्या, म्हणजे कुठल्याही नावाला लागू पडणाऱ्या, नोंदीने हजारो सर्व्हरची मेल थांबवू शकतो, वाईट हेतू नसतानाही. ३१ जानेवारी २०२१ ला स्पॅमकॉप या यादीच्या डोमेनची मुदत संपली, ते पार्किंगच्या पानाकडे गेलं, प्रत्येक विचारणेला त्या पानाचा पत्ता उत्तर म्हणून जाऊ लागला आणि कोणतंही उत्तर म्हणजे ‘हो’ समजणाऱ्या सर्व्हरनी चांगली मेल परत पाठवली. ती तर चालू यादी होती. मेल सर्व्हरवाल्यांनी यादीच्या नावापुढे ‘बरोबर १२७.०.०.२’ असं अपेक्षित उत्तर लिहून ठेवलं, तर पार्किंगच्या पानाचा पत्ता त्यात बसत नाही आणि हा धोका टळतो.

आमचं डोमेन एका वेळी मिळू शकतात तितक्या, म्हणजे १० वर्षांसाठी भरून ठेवलं आहे. दर वर्षी संपलेलं वर्ष पुन्हा भरायचं. नोंदणीचं खातं दोघांकडे, दोघांची कार्डं वेगळी, आणि संपर्काचा मेल पत्ता त्याच डोमेनवरचा नाही, कारण डोमेन अडकलं तर नूतनीकरणाची सूचनाही त्यातच अडकेल. नोंदी उतरवण्याची मेलपेटी अजून उघडी आहे. स्पॅम गाळणाऱ्या कुठल्यातरी जुन्या पेटीने तारीख उलटून गेलेली प्रत वापरून मेल परत केली की तिथे अर्ज येतो: माझा पत्ता काढा. काढण्यासारखं आमच्याकडे काही उरलेलं नाही. आम्ही परत आलेली मेल पूर्ण मागवतो, तीत नकार देणाऱ्या सर्व्हरचं नाव बघतो आणि त्याच्या अ‍ॅडमिनला लिहितो.

वरच्या झोनमध्ये यादीच्या चार ओळी राहिल्या आहेत: दोन एनएस आणि त्यांचे दोन पत्ते, १९२.०.२.१ आणि १९२.०.२.२. वरच्या झोनचा नेमसर्व्हर अजून जिवंत आहे, त्यामुळे यादी कुठे गेली हे विचारणारे आधी त्याच्याकडे येतात, चार ओळी घेऊन जातात आणि आठवड्याने, काही दुसऱ्याच दिवशी, पुन्हा येतात. परवा लॉग चाळला. विदर्भातल्या त्या महाविद्यालयाचा पत्ता त्यात नव्हता.